लेकीच्या गाडीत बसवलेला आगीचा बाटला

माझा जन्म वेंगुर्ल्याचा, बंदराच्या वरच्या अंगाला आमचं घर, वडील ट्रॉलरवर, थोरला भाऊ ट्रॉलरवर, म्हणजे आमच्यात पोरगा चालायला लागला की पाण्याकडेच जाणार, ते काही कोणी बसून ठरवायला लागत नाही. मीपण गेलो. दादा इंजिनावर होता, मी त्याच्या हाताखाली पाने द्यायचो. सदाशिव माझं नाव, पण इथे मालवणजवळ कट्टा गावच्या बाजारात सदा मेस्त्री म्हणून विचारा, कोणीही गॅरेज दाखवेल. तुम्ही लिहून घ्यायला लांबून आलात म्हणून तुमच्याशी जरा नीट बोलायचं बघतो, पण भियाची गोष्ट आली की माझी जीभ आपोआप मालवणीवर जाते, तेव्हा समजून घ्या. आणि काय सांगू तुम्हाला, माझी गोष्ट सगळी भियाचीच आहे.

तर दादाचं. आम्ही मासे घेऊन परत येत होतो, किनाऱ्यावरचे माड दिसायला लागले होते, कोणीतरी घरी जाऊन काय जेवणार त्याची गोष्ट काढलेली, आणि इंजिनाची डिझेलची नळी फुटली. डिझेल पडलं तापलेल्या सायलेन्सरवर. दादा खाली, इंजिनापाशी. आग विझवायचा बाटला बोटीवर होता, नव्हता असं नाही म्हणत मी, होता, पण तो होता पुढे, केबिनच्या मागच्या कोपऱ्यात, जाळ्यांच्या ढिगाखाली. तांडेल, म्हणजे आमची बोट चालवणारा, तो जाळी उपसत होता, मी उपसत होतो, आणि खालून दादा हाक मारत होता, सदा, सदा रे, म्हणून. बाटला हाताला लागला तेव्हा हाक थांबलेली. पुढचं नको. दुसऱ्या बोटीने आम्हाला बांधून बंदरात आणलं, मी धक्क्यावर पाय ठेवला तो ठेवला, परत होडीत म्हणून बसलो नाही. मालवणला इतक्या वेळा जातो, पाहुणे येतात, चल किल्ला दाखव म्हणतात, मी त्यांना होडीत बसवून देतो आणि इकडे किनाऱ्यावर चहा पीत बसतो.

मग आईने मला कट्ट्याला मामाकडे पाठवलं, तिथे गाड्यांचं काम शिकलो, लग्न झालं, इथलाच झालो. पण भीती काय गाव बदलून जात नाही. गॅसचं बटण मी झोपताना बघणार, सकाळी उठून परत बघणार. चतुर्थीला आरतीचं तबक माझ्याकडे आलं की मी पटकन पुढच्याच्या हातात देतो, सगळ्यांना ठाऊक आहे, हसतात. आमची मंडळी, सुमन तिचं नाव, ती शेजारणींना सांगते, ह्या माणसाक पणतीची पण भीती वाटता. खोटं नाही ते.

आणि अशा माणसाच्या पोटी मेघना. आमची एकुलती एक. रांगायची ती गॅरेजात, खेळायची ती नटबोल्टांनी, मोठी झाल्यावर कुडाळला शिकायला गेली तरी सुटीत येऊन गाड्यांखालीच. आता माझ्याबरोबर गॅरेज चालवते, निम्मी गिऱ्हाइकं तिलाच शोधत येतात. तिला भय म्हणून माहीत नव्हतं. माझं सगळं भय मी एकट्याने खाऊन टाकलं असेल, तिच्या वाट्याला उरलंच नसेल, असं मी म्हणायचो.

एक दिवस आली, डोळे असे चमकतायत, म्हणते, बाबा, माका गाडी गावली. म्हटलं खंयची गाडी. म्हणते, शर्यतीची.

मालवणातल्या एका हॉटेलवाल्याने कधीतरी हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार, दोन दारं, दोन सीटा, जमिनीला टेकलेली बुटकी लाल गाडी, हौस फिटल्यावर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, टाकून दिलेली, वर कोंबड्या बसायच्या. तो हिला म्हणाला, तू दुरुस्त कर, शर्यतीत चालव, गाडीवर माझ्या हॉटेलचं नाव घाल. झालं. गाडी ओढून आणली गॅरेजात. मी लांब उभा राहूनच बघितलं, कारण शर्यतीच्या गाडीचं काय असतं, तुम्हाला सांगतो, आतलं सगळं मऊ काढून टाकतात, गालिचा काढतात, मागे लोखंडी नळ्यांचा पिंजरा ठोकतात, माणसाला पाच-सहा पट्ट्यांनी सीटला आवळून बांधतात, आणि मग पेट्रोलच्या टाकीला पाठ लावून जोरात सोडतात. बांधलेला माणूस आणि पेट्रोल. मी म्हटलं, जमूचा नाय. ती म्हणाली, बाबा, आगीचो बाटलो बसवल्याशिवाय ते शर्यतीत घेनतच नाय, नियमच आसा, तूच बसय. मी म्हटलं, मी हात लावचंय नाय.

ती तशीच गाडीखाली शिरली. बोलली ती सुमन. दुपारी मला जेवायला वाढताना म्हणते, तुमी नाय म्हटलात तरी ती जातली, हट्टात तुमच्यावरच गेली हा. मगे खंयचो तरी मेस्त्री तो बाटलो कसोबसो बसयतलो. तां चलात तुमका? माझा घास तसाच राहिला. नाही चालणार. ते कसं चालेल?

मग मीच मागवली, पेटी आली. आत एक बाटला, आपल्या गॅसच्या बाटल्यापेक्षा खूप लहान, आडवा ठेवायचा, त्यात दाबून भरलेलं फेसाचं औषध. त्याच्या तोंडाला नळ्या जोडायच्या, एक इंजिनाकडे, एक चालवणाऱ्याच्या पायांकडे, नळीच्या टोकाला तोट्या. आणि बाटला सुटण्यासाठी दोन कड्या, तारेने जोडलेल्या, एक आत चालवणाऱ्याच्या हाताशी, एक बाहेर काचेच्या खाली, म्हणजे आतला माणूस बेशुद्ध असला तर बाहेरच्याने ओढायची. बाटल्याच्या तोंडात एक पिन असते, ती असेपर्यंत कडी ओढून उपयोग नाही, गाडी सुरू करायच्या आधी ती काढायची. मेघना कागद वाचून एकेक सांगत होती आणि मला वेगळीच भीती. म्हटलं, हा बाटलाच सुटून डोक्यात बसला तर? ती म्हणाली, म्हणूनच तर लोखंडी पट्ट्यांनी जमिनीला आवळायचा, बोल्ट आरपार, खाली जाड पत्र्याचे तुकडे लावून, म्हणजे गाडी उलटी झाली तरी तो जाग्यावर.

आरपार म्हणजे जमिनीला भोकं पाडायची. आणि जमिनीखालून पेट्रोलची नळी गेलेली. मी टाकी रिकामी केली, बॅटरी काढून लांब फणसाखाली नेऊन ठेवली, वाळूच्या बादल्या भरल्या, आणि ड्रिल हातात घेतलं. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात ह्याला मेस्त्री कोणी केलं. एक भोक पाडायचं, गाडीखाली जाऊन बघायचं, वर येऊन परत मापायचं, परत खाली जाऊन बघायचं. मेघना म्हणते, बाबा, असा केलंस तर पुढच्या चतुर्थेक होतला. होऊ दे म्हटलं.

कडी मी बसवली बरोबर मधोमध, माझा हात सहज जाईल अशी. मग तिला बसवलं, हेल्मेट घातलं, पट्टे आवळले, म्हटलं बाय, डोळे मीट, हात मांडयेर ठेव, आणि मी ओरडलो, आग! तिने हात केला पुढे, तो हवेतच राहिला. म्हणते, बाबा, हात पावणा नाय. पट्ट्यांनी खांदा धरून ठेवलेला ना. मला घामच फुटला. तेवढंसं अंतर, चार बोटांचं. काढली कडी, तार सोडवली, परत बसवली जवळ, परत ओरडलो, आग! परत थोडी खाली घेतली, परत आग! तेवढ्यात शेजारचे जिवबा काका, म्हातारा माणूस, पाण्याचा हंडा घेऊन धापा टाकत गॅरेजात, खंय रे आग, खंय लागली? आणि घरातून सुमन कळशी घेऊन धावत. तिने आम्हाला बघितलं, कळशी खाली ठेवली आणि म्हणते, काका, ह्यांच्या टकलेत लागलीहा आग, वता तो हंडो थंयच. मेघना पट्ट्यात अडकून हसतेय, हेल्मेट हलतंय. मीपण हसलो. पण हसून झाल्यावर परत तिला डोळे मिटायला लावले. दहादा हात बरोबर कडीवर पडला तेव्हा सोडलं.

शर्यतीच्या आधी गाडी पळवून बघायला हवी होती. गावाच्या वर सडा आहे, म्हणजे उघडा कातळाचा माळ, चिऱ्याच्या खाणीकडे जाणारा मोकळा रस्ता, सकाळी तिथे कोणी नसतं. ती निघाली तर मी दुसरं हेल्मेट घेऊन बाजूच्या सीटवर. म्हणते, बाबा, तू कित्याक? घाबरतलंस. म्हटलं, घाबरतलंय, तरी बसतलंय. तिने पिन काढली, माझ्या हातात दिली, धर म्हणाली, आणि गाडी सोडली.

अरे देवा. काय सांगू तुम्हाला. ती लाल धूळ, ते दगड खालून पत्र्यावर ताड ताड वाजतायत, वळणावर गाडीचं ढुंगण एकीकडे आणि तोंड एकीकडे, आणि ही शांत, जशी बाजारातून भाजी आणायला निघालीय. एक फेरी झाली. मी रवळनाथाला नारळ बोललो. दुसऱ्या फेरीला अर्ध्या वाटेत माझ्या नाकाला वास आला. वास मला आधी येतो, सगळ्यांच्या आधी येतो.

बाय, वास येता. कसलो? पेट्रोलचो, थांबय गाडी, थांबय! तिने ब्रेक दाबला आणि समोर बॉनेटच्या फटीतून आधी धूर इलो, काळो, आणि त्याच्या मागोमाग ती, पिवळी, काचेर अशी चाटत वर इली. इंजिनावरची जुनी रबराची नळी, बाकी सगळ्या नळ्या बदललेल्या, ही एक दिसायला बरी होती म्हणून राहिलेली, तीच धक्क्यांनी चिरली. मी ती आग बघितलंय आणि थंयच संपलंय. हात हलना नाय, तोंडातून शब्द येना नाय. ती इंजिन बंद करतेय, लाल बटण दाबून करंट तोडतेय, आणि ओरडतेय, बाबा, पिन! पिन काढलेली मा? आणि माका आठवणा नाय! पिन काढली की नाही, काढली तर खंय हा, माझा डोकाच रिकामा. माझ्या मुठीतच होती हो ती, इतकी घट्ट धरलेली की नंतर तळव्यात वळ उठला, पण तेव्हा मला ती कळत नव्हती.

तिने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. कडी ओढली. आणि काहीच झालं नाही. म्हणजे क्षणभर, डोळ्याची पापणी लवते तेवढं, पण मी त्या तेवढ्यात दादाची हाक ऐकली, शप्पथ. मग जे सुटलं, आवाज म्हणजे साप फुसकारल्यासारखा, शंभर साप, पुढे इंजिनात आणि आत आमच्या पायांवर पांढरा फेस, काही दिसेना, नाकातोंडात कसली तरी कडू वाफ. ती म्हणतेय, बाबा, पट्टो सोड, उतर! माझी बोटं त्या पट्ट्याच्या कुलपावर नुसती घसरतायत. ती कधी बाहेर पडली, कधी माझ्या बाजूने आली, दार उघडलं, माझ्या छातीवर हात मारून कुलूप सोडवलं आणि माझ्या शर्टाला धरून मला बाहेर खेचलं, माझ्या अर्ध्या वजनाची पोर, दगडांवरून फरफटत मला लांब नेऊन टाकलं.

मला वाटलं सुटलो. मान वर केली तर चाकाजवळ परत एक जीभ दिसली, एवढीशी. खाली सांडलेलं पेट्रोल. आणि मेघनाने तीपण बघितली. गाडीत एक छोटा हाताने मारायचा बाटला वेगळा लावलेला, सीटच्या मागे, आणि ती उठून गाडीकडे चालायला लागली. मेघना, फाटी फिर! फाटी फिर गो! मी असा ओरडलो की घसा फुटला, बसल्या जागेवरून हात पसरून ओरडतोय. जळूंदे ती गाडी, बाय, जळूंदे! ती गेली. दारातून वाकली, बाटला खेचून काढला, आगीच्या मुळाशी धरला आणि मारला. पांढरा ढग उडाला, त्यात मला माझी मुलगी दिसेना.

त्या ढगातून ती बाहेर आली तोपर्यंत माझं काय झालं ते मला सांगता येणार नाही. तुम्ही ते लिहूपण नका.

घरी आलो दोघेही पांढरे, फेस वाळून अंगावर खवले धरलेले. सुमन घरापुढच्या खळ्यात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, मेघनाचे हात उलटेसुलटे करून बघितले, पाय बघितले, मग माझे बघितले, मग आत जाऊन देवाजवळ बसली आणि किती वेळ बाहेरच आली नाही.

आता खरी गोष्ट ऐका, कारण मला वाटलेलं इथे संपली. मेघना दुसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, हॉटेलवाल्याक सांग, गाडी घेऊन जा म्हणान. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी पेढे वाटले. सड्यावरून ओढून आणलेल्या गाडीवर ताडपत्री टाकली. पण मग मी बघायला लागलो. चहा ठेवायचा तर ती आईला म्हणायची, तू पेटय. गॅरेजात वेल्डिंग सुरू केलं की काहीतरी निमित्त काढून बाहेर. सुमनबरोबर ओरोसला कचेरीत जायचं होतं तर स्कूटर ठेवून एसटीने गेली, आणि सुमन मला येऊन सांगते, ती बसमधी ते संकटकाळी भायर पडूच्या खिडकीकडेच बसली, म्हातारेक उठवन बसली. सांगताना सुमनला रडू आलं.

मी काय म्हणणार? मला सगळं ओळखीचं होतं. तो गॅस दुसऱ्याला पेटवायला सांगणं, ती खिडकी, सगळं माझंच. माझ्या घरात मी पाळलेली ती भीती, माझ्या पायाशी इतकी वर्षं पडून असलेली, ती उठली आणि जाऊन माझ्या मुलीच्या मांडीवर बसली. मी धक्क्यावर उतरलो तेव्हा मला कोणी परत बोटीकडे नेलं नाही. आईने मायेनेच इकडे पाठवलं, तिचं काय चुकलं नाही, पण माझी भीती तिथेच पाण्यात राहायची ती माझ्याबरोबर आली. मेघनाला तर अजून उभं आयुष्य काढायचं आहे. आणि तुम्हाला सांगतो, त्या सड्यावर मला जितकं भय वाटलं नाही तितकं त्या एसटीच्या खिडकीचं वाटलं.

ताडपत्री काढली. हॉटेलवाल्याला म्हटलं, गाडी देत नाही, अजून काम आहे. जळलेल्या वायरी काढल्या, गाडीतली एकूणएक नळी नवी घातली, चांगली दिसणारीपण काढून टाकली, आणि नवा बाटला मागवला. रोज दुपारी गाडीपाशी बसायचो, एकेक बोल्ट आवळून परत तपासायचो. ती लांबून बघायची. मग दारात येऊन उभी राहायला लागली. मग एक दिवस मी पायाकडची तोटी बसवत होतो तर मागून म्हणते, हयसर नको बाबा, वायच खाली घी, त्या दिवशी माझ्या पायाक फेस लागलोच नाय, सगळो गुडघ्यार गेलो. मी मान वर न करता म्हटलं, मगे दाखय खंय ती. ती वाकली, आत शिरली, आणि माझ्या हातातला पाना घेतला.

मी गाडीच्या पलीकडे गेलो आणि डोळे पुसले. ग्रीस गेलं डोळ्यात.

शर्यतीला मी गेलो. तपासणीवाला आला, त्याने बाटला हाताने हलवून बघितला, खाली वाकून बोल्ट बघितले, ठीक म्हणाला, पुढे गेला. पिन मी काढली, ह्या वेळी मोठ्याने म्हटलं, बाय, पिन काढलंय, खिशात घातलंय. तिचे ओठ पांढरे होते, मला दिसलं. म्हणाली, बाबा, माका भिती वाटता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. म्हटलं, माका पण. जा आता. मग ती गेली, डोंगराच्या वळणाला लाल रंग दिसेनासा झाला, आधी आवाज होता, मग आवाजपण गेला. तिथे लोक वडापाव खात होते, फोटो काढत होते. मी कोणाच्या तरी गाडीला टेकून उभा होतो, श्वास आठवण करून करून घेत होतो. कितवी आली ते विचारू नका, शेवटून मोजलं तर लवकर सापडेल. परत आली, हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले, आणि पहिलं वाक्य काय, बाबा, भूक लागली.

आता जाते ती. पावसाळा सोडला की कुठे ना कुठे असतेच शर्यत. तिच्यामुळे बाकीचेपण येतात, गोव्याचे, कोल्हापूरचे, गाडी आणतात, मेस्त्री बाटला बसवून द्या म्हणतात. तरणी पोरं, कोणाची कोणाची ती. प्रत्येकाला बसवून, पट्टे आवळून, डोळे मिटायला लावून मी ओरडतो, आणि हात कडीवर पडेपर्यंत सोडत नाही. जिवबा काका आता ते ओरडणं ऐकून उठत नाहीत. भीती गेली का विचाराल तर नाही गेली, माझी नाही, तिचीपण थोडी राहिली, राहू दे, दोघांत वाटून घेतली की उचलते तरी. कामाला लागताना मी देवाला एवढंच सांगतो, म्हाराजा, ह्या माझ्या हातचा एकही बाटला कधी कोणाला ओढायला लागू नये. गाडी जुनी होवो, पोर म्हातारी होवो, आणि बाटला मुदत संपून, तसाच भरलेला, भंगारात जावो.